घरकुलाचे छत उन्हाच्या परीक्षेतही उतरले पाहिजे

उन्हाळा सुरू झाला की उष्माघाताच्या बातम्या येऊ लागतात आणि दुपारी घराबाहेर पडू नका, असे प्रशासन सांगते. सल्ला योग्यच आहे. पण ज्या घरात थांबायचे त्या घरावर छत कसले आहे, हे कोणी विचारत नाही. आमच्या लातूर-धाराशिव भागात सरकारी योजनेतल्या घरकुलावर बहुधा चार-पाच इंची उघडा स्लॅब असतो, पैसे कमी पडले तर पत्रा. जे छत उन्हापासून राखत नसेल त्या छताच्या घराला शासनाने ‘पूर्ण झालेले पक्के घर’ म्हणू नये आणि तशी राखण करण्याचा खर्च योजनेतच धरावा, एवढ्यासाठी हे पत्र.

आमच्याकडे छताचा विचार किल्लारीशिवाय होत नाही. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे तिथल्या भूकंपात जी घरे कोसळली त्यांतली बहुतेक माळवदाची होती. जाड दगडी भिंती मातीत रचलेल्या, वर तुळया, त्यांवर लाकडी किलच आणि किलचावर पांढऱ्या मातीचा थर. गळती थांबावी आणि घर थंड राहावे म्हणून दर पावसाळ्याआधी वर नवी माती पडायची. दीड फूट मातीचा भार चौरस मीटरला 700 किलोच्या घरात जातो. चार इंची स्लॅबचा साधारण 250 किलो. ते ओझे त्या भिंतींनी पेलले नाही आणि हजारो माणसे झोपेतच गाडली गेली. त्यानंतर गावांनी माळवद सोडले, ते बरोबरच केले. मात्र माळवद दोन कामे करत होते. भार घातक होता, पण तीच माती ऊनही अडवत होती. भार आपण उतरवला आणि ऊन अडवण्याचे काम कोणाकडेच सोपवले नाही.

मेच्या मध्याला सूर्य लातूरच्या बरोबर माथ्यावर येतो. त्या दिवसांत भिंतींवर ऊन तिरपे पडते, छतावर मात्र सरळ आणि दिवसभर. करडा काँक्रीटचा स्लॅब त्यातला बराचसा भाग शोषून घेतो. ती उष्णता खाली उतरायला काही तास लागतात. म्हणून दुपारी बाराला पडलेले ऊन खोलीत जाणवते ते तीनच्या सुमारास, आणि बाहेर वारा सुटल्यावरही स्लॅब रात्री उशिरापर्यंत तापत्या तव्यासारखा आच देत राहतो. पत्र्याचे उलट असते. तो रात्री लवकर निवतो, पण भर दुपारी त्याच्याखाली बसवत नाही. धडधाकट माणूस अंगणात झोपेल. अंथरुणाला खिळलेली आजी, ओली बाळंतीण आणि तिचे तान्हे यांनी कुठे जायचे?

देशात याचे निकष नाहीत असे नाही. केंद्राच्या 2018 च्या ‘इको निवास संहिते’त छतातून किती उष्णता आत यावी याची मर्यादा ठरलेली आहे. उघडा चार इंची स्लॅब त्या मर्यादेच्या सुमारे तिप्पट उष्णता आत सोडतो. पण ही संहिता 500 चौरस मीटर आणि त्याहून मोठ्या भूखंडांवरच्या निवासी इमारतींसाठी आहे. पंतप्रधान आवास योजनेतल्या ग्रामीण घरकुलाचे किमान क्षेत्रफळ 25 चौरस मीटर. म्हणजे ज्याला वातानुकूलन यंत्र परवडते त्याच्या छताला नियम आहे आणि ज्याला पंखासुद्धा जपून लावावा लागतो त्याच्या छताला नाही. हा क्रम उलटा व्हायला हवा.

उपाय परदेशातून आणायचे नाहीत. सर्वांत स्वस्त उपाय पांढऱ्या रंगाचा. स्वच्छ पांढरा थर बहुतेक ऊन परतवून लावतो. चुन्यात डिंक घालून दर उन्हाळ्याआधी हात मारला तर घरच्या माणसांनाही ते जमते. धुळीने पांढरेपणा कमी होतो हे खरे, म्हणूनच दरवर्षी हात मारायचा. टिकाऊ काम हवे तर ढाळ नीट काढून वर फुटक्या पांढऱ्या टाइल्सचे तुकडे बसवावेत. पुण्या-मुंबईच्या गच्च्यांवर हे चायना मोझॅक वर्षानुवर्षे होत आले आहे. दुसरा उपाय उष्णतारोधक थराचा. स्लॅबवर दोन इंची थर्मोकोलचे दाट तक्ते टाकून वर जाळी आणि पातळ कोबा केला, तर उष्णता संहितेच्या मर्यादेच्या बरीच खाली येते आणि भारही फार वाढत नाही. थर स्लॅबच्या वर हवा, खाली नव्हे. म्हणजे स्लॅब मुळात फारसा तापत नाही. उघडा थर्मोकोल पत्र्याखाली लावणे तर आगीच्या भीतीने टाळलेच पाहिजे. तिसरा उपाय स्लॅब ओततानाचा. स्लॅबच्या खालच्या भागातला ताण सळई घेते, तिथले काँक्रीट नुसती जागा भरते. त्या जागी सळयांच्या मधोमध मंगलोरी कौले बसवली तर काँक्रीट वाचते आणि छत हलके होते. वास्तुविशारद लॉरी बेकर यांनी केरळात अशी कितीतरी घरे बांधून दाखवली.

येथे एक सावधगिरी सांगितलीच पाहिजे. जाड विटांचा कोबा थोडे ऊन अडवतो, पण चार इंची कोब्याचा भार जवळजवळ स्लॅबइतकाच होतो. भूकंपाच्या पट्ट्यात तो मागाहून चढवणे म्हणजे माळवदाकडे परतणे. म्हणून छतावर काय येणार हे नकाशा काढतानाच ठरले पाहिजे, घर झाल्यावर गवंड्याच्या मर्जीवर सोडता कामा नये.

पैसे कुठून आणायचे, असे कोणी म्हणेल. योजनेचे मूळ अनुदान सपाट भागात 1 लाख 20 हजार रुपये आहे आणि त्यात स्लॅब पडेपर्यंतच लाभार्थी मेटाकुटीला येतो, हे मी नोकरीत असताना जवळून पाहिले आहे. म्हणूनच छताचा खर्च त्याच्यावर ढकलू नका, वेगळा द्या. राज्याने अलीकडेच स्वतःच्या तिजोरीतून 50 हजारांची भर घालायचे ठरवले. त्याच विचाराने छतासाठी स्वतंत्र रक्कम बांधून देता येईल. कूलर घ्या म्हणणाऱ्यांना एवढीच आठवण करून देतो, की 2016 मध्ये याच लातूरला मिरजेहून रेल्वेने पिण्याचे पाणी आणावे लागले होते. ऐन मे महिन्यात कूलरमध्ये ओतायला पाणी कुठले?

इतरांनी हे केलेही आहे. 2010 च्या जीवघेण्या उष्णतेच्या लाटेनंतर अहमदाबादने 2013 मध्ये उष्णता कृती आराखडा आखला आणि पुढे वस्त्यांमधली छते पांढरी करायला घेतली. तेलंगणाने 2023 मध्ये शीतल छताचे स्वतंत्र धोरण आणले आणि शासकीय इमारतींना ते सक्तीचे केले. महाराष्ट्राने मागे राहण्याचे काही कारण नाही.

नव्या घरकुलांसाठी माझ्या मागण्या तीन आहेत. घरकुलाच्या नमुना नकाशांत जिल्ह्याच्या हवामानानुसार छताचा थर त्याच्या भारासह दाखवावा. छताच्या कामासाठी वेगळा हप्ता असावा आणि इतर टप्प्यांप्रमाणे त्या कामाचाही फोटो घेऊनच घर पूर्ण झाल्याची नोंद व्हावी. ग्रामीण गवंडी प्रशिक्षणात ढाळ, जलरोधन आणि उष्णतारोधक थर हे हाताने करून शिकवावे. जी घरकुले आधीच उभी आहेत त्यांच्यासाठी येत्या उन्हाळ्याआधी ग्रामपंचायतींनी निदान चुना पुरवावा. किल्लारीनंतर आपण छत अंगावर पडणार नाही याची काळजी घेतली. त्या छताखाली भर दुपारी आजारी माणसाला झोपता येईल, इतकी जबाबदारी आता शासनाने घ्यायला हवी.

आपला,
एक निवृत्त शाखा अभियंता,
औसा (जि. लातूर)