आळ नको, पण नोंद हवी

जीवदयेचा संस्कार असलेल्या घरात, दुकानामागे सापडलेले मांजराचे पिल्लू मुलांच्या हट्टाने सहज घरचे होऊन जाते. काही आठवड्यांनी मुलाच्या काखेत गाठ दिसते, बारीक ताप राहतो. आपल्याकडे अशा वेळी पहिली शंका क्षयाची येते, आणि ती तपासलीच पाहिजे. परंतु हातावर उमटून गेलेला नखाचा ओरखडा कोणाला आठवत नाही; आठवला तरी पिल्लाला घराबाहेर काढतील या भयाने मूल गप्प राहते.

निदान येथेच अडते. मांजराच्या ओरखड्यातून ‘बार्टोनेला हेन्सेली’ हा जिवाणू शरीरात शिरू शकतो. ओरखड्याच्या जागी पुळी येते आणि साधारण 1 ते 3 आठवड्यांत जवळची लसिकाग्रंथी सुजते. नेहमीच्या तपासण्यांत हा जिवाणू सहसा सापडत नाही. त्यासाठी रक्तातील प्रतिपिंडांची चाचणी लागते. घरात मांजर आहे हे कळल्याशिवाय ती चाचणी डॉक्टरांना सुचणार कशी? बहुतेक मुलांत हा आजार सौम्य असतो व गाठ काही महिन्यांत ओसरते.

अंगावरील गोल चट्ट्यांचेही तसेच. पिल्लाकडून आलेले गजकर्ण त्वचेचा खरवडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यावर ओळखता येते. मात्र औषधाच्या दुकानातून परस्पर आणलेले स्टिरॉइडयुक्त मलम लावले, तर त्याचे मूळ रूपच झाकले जाते.

रेबीजच्या बाबतीत मात्र निदानाची वाट पाहायचीच नसते. लक्षणे उमटल्यावर हा रोग जवळजवळ नेहमीच प्राणघातक ठरतो. म्हणून कुत्र्या-मांजराचा दात वा नख लागताच जखम साबण व वाहत्या पाण्याने 15 मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी लशीसाठी डॉक्टर गाठावा.

मांजरांमध्ये बार्टोनेलाचा प्रसार पिसवांमुळे होतो. पिसवा झाल्यावर त्या मारण्याचा प्रसंग येण्यापेक्षा, पशुवैद्याच्या सल्ल्याने व स्वच्छतेने त्या होऊच न देणे हाच आपला यत्नाचार होय.

डॉक्टरांनी विचारले नाही तरी पहिल्याच भेटीत सांगावे: घरात कोणता प्राणी आहे, कधी आला, त्याला लशी दिल्या आहेत का, मुलाला कोठे ओरखडले. आणि त्याआधी मुलाला ग्वाही द्यावी, की खरे सांगितल्याने त्याचे पिल्लू बेघर होणार नाही. ज्या घरात सत्य बोलायला मूल भीत नाही, त्या घरात निदान लवकर होते.