अंगठ्याएवढी वायर

आमचा धाकटा मेव्हणा वायर विकत घेत नाही. तो वायर बघायला जातो, पूर्वी मुलगी बघायला जात तसा. रंग, अंगलट, वजन, घराणे, सगळे पाहतो. (घराणे शक्यतो जर्मन लागते.) गेल्या वर्षी आमच्या सोसायटीच्या गणेशोत्सवात आम्ही हौशी मंडळींनी ऑर्केस्ट्रा बसवला. त्यात माझा पुतण्या बेस गिटार वाजवणार होता. त्याच्या ॲम्प्लिफायरपासून स्पीकरच्या खोक्यापर्यंत किती जाडीची वायर घालावी यावर आमच्या दिवाणखान्यात जे रण माजले, ते अजून विझलेले नाही. (खोकाच म्हणतो. पेटी म्हटले तर भजनी मंडळ हक्क सांगायला येते.)

“भावोजी, वायर अंगठ्याएवढी पाहिजे! नाहीतर खर्ज मरतो,” मेव्हणा म्हणाला. मग त्याने ‘स्किन इफेक्ट’ काढला. वीज म्हणे तारेच्या सालीवरूनच धावते.

मी कॉमर्सचा पदवीधर. वीज माझा प्रांत नव्हे. पण वजावट हा आहे. आणि वायर करते काय? टीडीएस कापते! रक्कम खोक्याच्या खात्यावर जमा होण्यापूर्वी आपला वाटा वाटेतच काढून घेते. प्रश्न एवढाच की किती टक्के. तो हिशेब ओम नावाच्या जर्मन मास्तराने 1827 सालीच छापून ठेवला आहे. पुतण्याचा ॲम्प 300 वॅटचा, खोका 4 ओमचा, अंतर दोन मीटर. म्हणजे जाऊन-येऊन चार मीटर तांबे. घरात दिव्यांना घालतात ती दीडची वायर, म्हणजे दीड चौरस मिलिमीटरची, घेतली तर तिचा अडथळा सुमारे 0.046 ओम. वजावट एक टक्क्याच्या किंचित वर. अडीचची घेतली तर पाऊण टक्क्याच्या आत. चारची घेतली तर अर्ध्याच्याही आत. मुदत ठेवीच्या व्याजावर आम्ही दहा टक्के कापतो आणि पॅन दिला नसेल तर वीस. तरी ठेवीदार चहा पिऊन जातात. इथे दीड आणि चारमधला फरक डेसिबलच्या दहाव्या भागाइतकाही नाही. तो ऐकू येतो म्हणणाऱ्याचे कान आमच्या मॅनेजरला बसवले, तर माझ्या रजेच्या अर्जाचे सोने होईल.

राहता राहिली ती साल. बेसच्या सर्वांत जाड तारेचा सूर 41 हर्ट्झचा. त्या सुराला तांब्याची साल सुमारे एक सेंटिमीटर जाड पडते. म्हणजे बोटाएवढी तार घेतली तरी ती सगळी सालच! अंतर वीस-पंचवीस मीटर असते, तर जाडीसाठी मीही भांडलो असतो, कारण लांबीबरोबर वजावटही वाढते. दोन मीटरला अडीचची घ्यावी आणि गप्प बसावे.

पण गप्प कोण बसतो? दोन तास आम्ही दोघे भांडलो. हिने दोनदा चहा केला, तिसऱ्यांदा केला नाही. पुतण्या कोपऱ्यात बसून ऐकत होता. पहिल्या पगारापासून पैसे साठवून त्याने तो जुना ॲम्प घेतला होता. आमचा निकाल काही लागेना, तेव्हा बिचारा उठला आणि पिशवीतली गिटारची सहा मीटरची दोरी घेऊन गेला. गिटारपासून ॲम्पपर्यंत लावतात ती. दोन्हींचे टोक सारखेच, पाव इंची. खटकन बसले.

बसणारच. त्या टोकावर कुठे लिहिलेले असते, की बाबा रे, ही दोरी गिटारच्या नाजूक सिग्नलसाठी आहे? आत मधोमध सुतळीसारखी बारीक तार, तिच्याभोवती जाळी. तारेचा अडथळा सहा मीटरला अर्ध्या ओमच्या घरात. पूर्ण आवाजात तीसेक वॅट त्या दोरीतच तापायला जाणार. आणि उरलेली दोरी त्याने नीट वेटोळे करून सतरंजीखाली ठेवलेली! चौथ्या गाण्याला खर्ज बंद झाला. लोकांना कळलेही नाही (बेसवाल्याच्या नशिबी हे असतेच), पण पोराचा चेहरा मला दिसला. मेकॅनिकने दोरी उघडून दाखवली: आतले आवरण मऊ होऊन तार जाळीला भिडलेली, आणि ॲम्पमधले आउटपुटचे ट्रान्झिस्टर उडालेले. बिल 6,800 रुपये.

“काका, तुम्ही दोघे एवढे बोलत होतात,” तो म्हणाला, “पण ही लावू नको असे कुणीच बोलला नाहीत.”

तर माझे भांडण आहे ते जाडीवाल्यांशी. दुकानदारापासून मेव्हण्यापर्यंत सगळे, आणि त्यांच्या नादाला लागून कॅल्क्युलेटर काढून बसलेला मीसुद्धा. दीड की चार यावर प्रवचने देतील, आणि शिकाऊ पोराच्या हातात चुकीची दोरी आहे हे एकाला दिसणार नाही.

बिल मी भरले. अडीचची वायर आणून दोन्ही टोकांना हिचे लाल नेलपॉलिश फासले आहे. मेव्हण्याने यंदा खास अंगठ्याएवढी आणली होती. ती त्या पाव इंची प्लगच्या टोपणात शिरेना. सध्या तिच्यावर आमच्या गच्चीत गोधड्या वाळत असतात, आणि चार गोधड्यांनीही ती वाकत नाही हे मात्र मान्य केले पाहिजे.