पाण्याचं सोवळं

फिनिक्सला आमच्या पुतण्याचं चाकांवरचं बिऱ्हाड आहे; त्याला तिकडे ‘आर. व्ही.’ म्हणतात. ॲरिझोनाचं पाणी क्षारांचं. वाळलं की पांढरे डाग. म्हणून चिरंजीवांनी दोन नळकांडी जोडली. एकातलं रेझिन कॅल्शियम-मॅग्नेशियम धरतं, दुसऱ्यातलं क्लोराइड-सल्फेट. गाडीची शेवटची आंघोळ या सोवळ्यातल्या पाण्यानं! रेझिन थकलं की नवं आणा.

अहो, डाग पाण्यानं नव्हे, ते अंगावरच वाळू दिल्यानं पडतात! आंघोळीनंतर आपण अंग पुसतो ना?

‘‘काका, ३० फूट गाडी कोण पुसणार?’’

मग पुसता येईल एवढीच घ्यावी! ज्या कोलोरॅडो नदीचं पाणी फिनिक्स पितं, तिच्यावर २०२१ साली सरकारनं अधिकृत टंचाई जाहीर केली. तिथे बादली आणि फडकंच शोभतं. फडकंही थकतं म्हणा. पण पिळलं की पुन्हा कामावर हजर!