घाणा लाकडी आहे, पण दाणा कसा आहे?



ठाण्यापासून कल्याण-डोंबिवलीपर्यंत लाकडी घाण्याच्या तेलाची दुकानं दिसू लागली आहेत. ‘आपणही टाकू या का?’ असं तुमच्यातले बरेच जण विचारतात. टाका की! पण माझं मत स्पष्ट आहे: ‘लाकडी’ हे शुद्धतेचं सर्टिफिकेट नाही. मशीनच्या हप्त्यासोबत तपासणीचा खर्चही हिशोबात धरा. तो बसत नसेल, तर या धंद्यात उतरू नका.

रिफायनरीत तेलातले बरेच दोष पुढच्या प्रक्रियेत काढले जातात. आपल्याकडे फक्त दाबणं आणि गाळणं. दाणा खराब, तर तेल खराब. शेंगदाणा ओलसर राहिला की बुरशी लागते आणि अफ्लाटॉक्सिन तयार होऊ शकतं. ते यकृताला घातक आहे, कॅन्सरचं कारण ठरतं आणि कढईत तापवूनही पूर्ण जात नाही. त्याचा मोठा भाग पेंडीत उरतो. ती पेंड तबेल्यात गेली, की दुधातही उतरतं. म्हणून ‘तेलासाठी चालतो’ म्हणत कोणी स्वस्त माल दिला तर घेऊ नका. काळपट, सुरकुतलेले दाणे निवडून काढा.

मोहरीत तर आणखी जपा. पिवळ्या धोत्र्याचं बी मोहरीसारखंच दिसतं. त्याच्या भेसळीच्या तेलाने १९९८ मध्ये दिल्लीत ६० हून अधिक माणसं गेली.

आता भावाचं गणित. घाण्यावर शेंगदाण्याचं साधारण ४० टक्के तेल निघतं. लिटरभर तेलाचं वजन सुमारे ९१० ग्रॅम, म्हणजे लिटरमागे जवळपास सव्वादोन किलो दाणे. पेंडीचे पैसे वजा करूनही शेजारचा त्याहून स्वस्त विकत असेल, तर त्याच्याशी भावात स्पर्धा करू नका.

तपासणी म्हणजे व्हॉट्सअॅपवरची फ्रीज टेस्ट नव्हे. शुद्ध शेंगदाणा तेलही थंडीत घट्ट होतं. एनएबीएल मान्यताप्राप्त लॅबमध्ये अॅसिड व्हॅल्यू, पेरॉक्साइड व्हॅल्यू, ओलावा, अफ्लाटॉक्सिन आणि भेसळ तपासून घ्या. कोडेक्स या आंतरराष्ट्रीय मानकात कोल्ड प्रेस्ड तेलासाठी अॅसिड व्हॅल्यू ४ पर्यंत आणि पेरॉक्साइड १५ पर्यंत चालते. दाण्याचा लॉट बदलला की सॅम्पल पुन्हा पाठवा.

एफएसएसएआयची नोंदणी किंवा परवाना हवाच. सुटं तेल विकायला नियमाने मनाई आहे, त्यामुळे पॅक आणि लेबल करा. लेबलवर ‘कोलेस्टेरॉल घटवतं’ वगैरे लिहू नका, तेही चालत नाही.

तुम्ही म्हणाल, ‘गिऱ्हाईक रिपोर्ट कुठे मागतं?’ नाही मागत, कारण त्याला तो कोणी दाखवलेलाच नाही. तुम्ही काउंटरवर लावा. एकदा वाचायची सवय लागली, की पुढच्या दुकानातही ते रिपोर्ट मागेल. तेव्हा तुमच्याकडे तो असेल.