म्हातारपणाचा भाव

‘अँटिक’ या शब्दावर माझा राग आहे आणि तो मी ऐन दिवाळीत काढणार आहे. वाचकांनी हातातली चकली खाली ठेवण्याचे कारण नाही. खाता खाता वाचले तरी चालेल.

आमच्या काशीगावात शेतांच्या जागी आता मनोरे उभे आहेत. त्यांतल्या एकात माझ्या जुन्या विद्यार्थ्याने घर घेतले आणि जेवणाचे मेज आणले. गोल मेज, सहा खुर्च्या, त्यांतल्या दोन हातांच्या, शिवाय भांड्यांचे कपाट. किंमत पावणेचार लाख! विकणाऱ्याने सांगितले म्हणे, “दीडशे वर्षांचा व्हिक्टोरियन चिपेंडेल, अस्सल मेहॉगनी, एका बंगल्यातून निघालेला.” विद्यार्थी मला म्हणाला, “सर, तुमच्या कादंबरीत जुन्या वाड्याचं एवढं वर्णन आहे. एकदा बघून सांगा ना.” आता मी पडलो मॅट्रिक झालेला मास्तर. कादंबरीतल्या शिसवी खुर्च्या मी ऐकीव माहितीवर रंगवल्या होत्या. तेव्हा अब्रू राखण्यासाठी आमच्या आळीतल्या सुतारकाकांना बरोबर घेतले.

आधी त्या नावाचेच पाहू. टॉमस चिपेंडेल हा लंडनचा कारागीर. त्याचे नमुन्यांचे पुस्तक 1754 सालचे, आणि तो वारला 1779 साली. व्हिक्टोरिया राणी गादीवर आली 1837 साली. मग ‘व्हिक्टोरियन चिपेंडेल’ कुठला? तरी तो शब्द अगदीच पोकळ नाही. राणीच्या उत्तरकाळात इंग्लंडात त्या धाटणीचे पुनरुज्जीवन झाले आणि तशा खुर्च्या ढिगाने निघाल्या. गरुडाच्या पंजात गोळा धरलेले जे पाय पाहून आपण ‘चिपेंडेल!’ म्हणून डोळे विस्फारतो, ते तर त्याच्या पुस्तकात नाहीतच. आपल्या मुंबईच्या कारागिरांनीही एकोणिसाव्या शतकात साहेबाच्या खुर्चीचा साचा घेऊन काळ्या शिसवीवर आपली वेलबुट्टी चढवली, आणि त्या कामाला आज जगभर मान आहे. धाटणी कुणीही कुणाची घ्यावी. वय मात्र खोटे सांगू नये, एवढेच माझे भांडण.

सुतारकाकांनी मेजाच्या वरच्या अंगाकडे पाहिलेसुद्धा नाही. बॅटरी घेऊन ते सरळ खाली आडवे झाले. “मास्तर, वरनं सगळेच राजबिंडे. पोट बघायचं.” पोटाला वरच्यासारखाच एकजात काळसर रंग. जुने लाकूड खालून कोरडे असते, ठिकठिकाणी कमीजास्त काळवंडलेले. हात फिरवला तर रंध्याच्या लाटा बोटांना लागतात. इथे सारे काचेसारखे गुळगुळीत. स्क्रूच्या माथ्यावर अधिकच्या चिन्हाची खाच. ही तऱ्हा अमेरिकेतून आली ती 1930 नंतर. मग काकांनी फीत काढून मेज उभे-आडवे मोजले. सुताभर फरक नाही. लाकूड रेषेच्या आडव्या अंगाने आक्रसते, उभ्या अंगाने जवळजवळ नाहीच. शंभर पावसाळे पाहिलेले भरीव लाकडाचे गोल मेज पुरते गोल राहत नाही. किडीच्या भोकांत तार घातली तर ती नाकासमोर आत गेली. काका हसले. “किडा असा सरळमार्गी नसतो. ड्रिल आहे हे.” सहाही पाठींवरची फुले हुबेहूब एक, हाताने कोरणाऱ्याचे दुसरे फूल पहिल्यासारखे येत नाही. हातांच्या टोकांना, जिथे तळवे घासायचे, तिथे झीज नाही. पाठीमागे, जिथे कुणी शिवत नाही, तिथे ओरखडे. मालकाच्या परवानगीने एका कोपऱ्यात खरवडले तर आत रबराच्या झाडाचे फिके लाकूड.

“सव्वा लाखाचा माल आहे मजुरीसकट,” काका म्हणाले, “आणि काम चांगलं आहे.”

उरलेले अडीच लाख मग कशाचे? त्या लाकडाला नसलेल्या वयाचे! या व्यापाऱ्यांना माझा सरळ सवाल आहे. शंभर वर्षांहून जुनी कलाकुसरीची वस्तू 1972 च्या कायद्याने पुरावस्तू ठरू शकते, आणि पुरावस्तूंचा व्यापार करायला परवाना लागतो. तुमचे मेज खरोखर दीडशे वर्षांचे असेल तर परवाना दाखवा. नसेल तर अडीच लाख परत द्या. “गिऱ्हाईक खूष, आम्ही खूष, मास्तरांचं काय जातं?” असे कुणी म्हणेल. ज्याने ते चांगले काम केले त्या आजच्या कारागिराचे जाते! त्याचे नाव पुसून तिथे एक नसलेला बंगला चिकटवला जातो.

आणि आपण गिऱ्हाइके तरी काय कमी आहोत? याच विद्यार्थ्याने गावठाणातले आजीचे घर पाडताना तिचे सागवानी मेज भंगारवाल्याला बाराशे रुपयांत दिले. त्यावर शाईचे डाग होते, विळीच्या खुणा होत्या. मला बोलायला तोंड नाही. वडिलांची शिसवी आरामखुर्ची जागा अडवते म्हणून मीच विकली, आणि तिचे वेत तुटले होते हे कारण घरात सांगितले. मुंबईच्या इराणी हॉटेलांतल्या वाकवलेल्या लाकडाच्या खुर्च्यांची तीच गत. व्हिएन्नाच्या थोनेटची 1859 सालची ती धाटणी साध्या गिऱ्हाइकाला बसायला निघाली. हॉटेल चालू होते तोवर तिच्याकडे कुणी ढुंकून पाहिले नाही. हॉटेल बंद पडले की तीच चोरबाजारात मटन स्ट्रीटवर दुर्मीळ होते.

विद्यार्थ्याने पैसे परत मागितले नाहीत. भिडस्त आहे. विकणाऱ्याला फोन करून त्याने एवढेच म्हटले, “पावतीवर लाकूड आणि साल लिहून द्या.” आठ दिवसांनी पावती आली. तीवर लिहिले आहे, ‘डायनिंग सेट, एक नग.’ पाडव्याला त्या मेजावर फराळाला मला बोलावले आहे. सुतारकाकांनाही घेऊन या, असा निरोप आहे.