सांडपाण्याची साक्ष

माणूस खोटें बोलेल, परंतु शहराचें सांडपाणी खोटें बोलत नाहीं. हें वाक्य आमच्या वाचकांस चमत्कारिक वाटेल. पण रसायनशास्त्रानें त्याचा प्रत्यय आणून दिला आहे.

मादक पदार्थ पोटांत गेला म्हणजे तो सर्वच्या सर्व जिरून जातो असें नाहीं. त्याचा कांहीं अंश मूळ रूपांत व कांहीं यकृतांत पालटलेल्या रूपांत मलमूत्रावाटे बाहेर पडतो आणि गटारांत मिसळतो. शहराचें सांडपाणी जेथें शुद्धीकरणासाठीं एकत्र येतें, तेथें चोवीस तास थोडें थोडें पाणी घेऊन नमुना तयार करतात. तो गाळून एका विशिष्ट चूर्णानें भरलेल्या नळींतून सोडला म्हणजे हे अंश चूर्णास चिकटतात. मग ते योग्य द्रवानें धुऊन काढतात. पुढें एक यंत्र त्यांतील पदार्थ वेगळे करतें व दुसरें रेणूंच्या वजनावरून ते ओळखतें. शंभर कोटी लिटर पाण्यांत एक ग्रॅम, इतका सूक्ष्म अंशही असा सांपडूं शकतो. पाण्याचा प्रवाह व लोकसंख्या ठाऊक असली म्हणजे दर हजार माणसांमागें रोजचा खप किती, हें सांगणें त्रैराशिकाचें काम आहे.

ही कल्पना २००१ सालीं अमेरिकन शास्त्रज्ञ ख्रिश्चन डॉटन यांनीं मांडली. २००५ सालीं इटलींतील एत्तोरे झुक्कातो व त्यांचे सहकारी यांनीं पो नदीचें पाणी तपासलें, तेव्हां रोज सुमारें ४ किलो कोकेनच्या सेवनाचा पुरावा त्यांत वाहत असल्याचें दिसलें. २०११ सालीं युरोपांतील १९ शहरांचें सांडपाणी एकाच आठवड्यांत तपासण्यांत आलें. आपल्या मुंबईंतही पोलिओच्या विषाणूचा माग २००१ पासून सांडपाण्यांतूनच काढण्यांत येऊं लागला. तेव्हां ही रीत आपणांस अगदींच परकी नाहीं.

आमच्या एका माजी विद्यार्थ्यास खोकल्याच्या औषधाचें व्यसन जडलें होतें. घरीं सर्वांस ठाऊक होतें. परंतु लोक काय म्हणतील या भयानें त्यास डॉक्टरकडे कोणी नेलें नाहीं. त्याचे तांबारलेले डोळे आम्हांसही दिसत होते, आणि आम्हींही विचारलें नाहीं. अशीं दोन वर्षें गेलीं. जी गोष्ट लाजेनें घरांत दडते, तिचा शहरापुरता हिशेब गटार बिनबोभाट देतें. म्हणूनच ही परीक्षा आम्हांस मोलाची वाटते.

मात्र तिची एक मर्यादा पाळली पाहिजे. संबंध शहराचें पाणी तपासलें तर कोणाकडेही बोट दाखविलें जात नाहीं. तीच परीक्षा एका गल्लीची किंवा वसतिगृहाची केली, तर निर्दोष मुलांच्याही माथीं कलंक लागेल आणि लपविणारे अधिकच लपवितील. कोणी म्हणतील, गुन्हेगार सांपडेल ना! पण रुग्णालयांत वेदनाशमनार्थ दिलेलें मॉर्फिनही त्याच गटारांत जातें. तेव्हां या आंकड्यांचा उपयोग उपचारकेंद्रें कोठें काढावीं हें ठरविण्याकडे व्हावा, धाडी घालण्याकडे नव्हे, असें आमचें स्पष्ट मत आहे.

आपल्या भंडारा जिल्ह्यास या प्रश्नाचें आणखी एक अंग आहे. नागपूरचें सांडपाणी घेऊन नाग नदी कन्हानेस मिळते, कन्हान वैनगंगेस मिळते, आणि तें पाणी गोसीखुर्दच्या जलाशयांत येऊन थांबतें. सांडपाणी शुद्ध करण्याच्या नेहमींच्या रीतींनीं औषधांचे सारेच अंश निघून जात नाहींत. नागपूरचीं माणसें जें सेवन करतात, त्याचा लेश आपल्या दारीं येऊं शकतो. तेव्हां या पाण्याची अशी परीक्षा व्हावी, ही मागणी आपण केलीच पाहिजे.

तथापि गटाराची साक्ष शहराचा आजार सांगेल, मुलाचें नांव सांगणार नाहीं. तें आईबापांनीं व शिक्षकांनींच ओळखावयाचें आहे. आणि ओळखल्यावर रागें न भरतां जवळ बसवून विचारावयाचें आहे. बालमित्रहो, तुमचा एखादा सोबती या फेऱ्यांत सांपडला असेल तर त्याचें गुपित राखणें ही मैत्री नव्हे. विश्वासाच्या वडीलधाऱ्या माणसास सांगा. आम्हींही यापुढें विचारण्यास चुकणार नाहीं.