वाचता वाचता : हसायचं कुणी, कुणाला?

कृष्णवर्णीय लेखकांच्या कादंबऱ्या म्हटलं की आपल्यापैकी अनेकांना गुलामगिरी, वर्णभेद, दारिद्र्य एवढंच आठवतं. ते त्यांत आहेच. पण या कादंबऱ्यांत घरची माणसं एकमेकांशी बोलू लागली की हसू आवरत नाही, हे फारसं कुणी सांगत नाही. यंदा त्याविषयी.

अँड्रिया लेव्ही यांचे वडील १९४८ साली ‘एम्पायर विंडरश’ बोटीने जमैकाहून इंग्लंडला आले. त्यांच्या ‘स्मॉल आयलंड’ (२००४) या कादंबरीतली हॉर्टेन्सही त्याच साली लंडनला नवऱ्याकडे येते. बाई शिक्षिका, इंग्रजी कविता मुखोद्गत, उच्चार घोटून घेतलेले. आणि टॅक्सीवाल्याला तिने सांगितलेला पत्ताच कळत नाही! ज्या घराची स्वप्नं पाहिली ते निघतं वरच्या मजल्यावरची एक खोली. नवरा गिल्बर्ट सगळं थट्टेवारी नेतो आणि ती आणखी ताठ होते. आधी आपण तिच्या तोऱ्याला हसतो. मग लक्षात येतं, साहेबाने शिकवलेलं इंग्रजी साहेबाच्याच गावात चालेना! हसू हळूच तिच्यावरून साहेबाकडे वळतं.

बर्नार्डिन एव्हरिस्टो यांच्या ‘मिस्टर लव्हरमन’मधला (२०१३) बॅरी माझ्याच वयाचा, चौऱ्याहत्तरचा. मूळचा अँटिग्वाचा, आता हॅकनीकर. रात्री उशिरा घरी आला की बायको कार्मेल बायबलचे दाखले देत त्याची हजेरी घेते आणि हा कोट्या करत निसटतो. वाचताना मजा येते. पण बालमित्रावरचं प्रेम त्याने साठ वर्षं लपवलंय, त्या कोट्यांमागे ती भीती आहे. कार्मेलच्या रागामागे पन्नास वर्षांचा एकटेपणा आहे.

या विनोदावर जुना वाद आहे. झोरा नील हर्स्टन यांच्या ‘देअर आइज वेअर वॉचिंग गॉड’ (१९३७) या कादंबरीतली माणसं दक्षिणेतल्या बोलीत बोलतात. गोऱ्या वाचकाला हसवायला हे लिहिलंय, अशी टीका रिचर्ड राइट यांनी त्याच वर्षी केली. प्रश्न रास्त होता. पण त्याच कादंबरीत जेनीचा नवरा तिला वर्षानुवर्षं चारचौघांत गप्प बसवतो. एक दिवस दुकानात तो तिच्या वयावरून टोमणा मारतो, तेव्हा ती असं उत्तर देते की सगळे हसतात. त्या हशातून तो पुन्हा सावरत नाही.

मला वाटतं, कसोटी हीच. ज्याच्यावर हसायचं, त्याला उत्तर देता येतं का? हॉर्टेन्सला तिची बाजू सांगायला स्वतःची प्रकरणं आहेत. कार्मेललाही आहेत. आपल्याकडे नाटकातल्या गड्याच्या बोलीवर प्रेक्षक पिढ्यान्‌पिढ्या हसले. गड्याला उलट बोलायची सोय नव्हती. दलित आत्मकथनांनी ती करून दिली. नरेंद्र जाधव यांच्या ‘आमचा बाप आन् आम्ही’मध्ये (१९९३) बापाची हकीकत बापाच्याच तोंडून येते. तिथेही हसू येतं, पण ते बापाबरोबरचं.

हे आपल्या घरांना लागू आहेच. मुलं आपल्या ‘व्ही’ आणि ‘डब्ल्यू’ची नक्कल करतात, आपण त्यांच्या ‘ळ’ची. दोन्ही बाजूंनी चालू असेल तर खुशाल चालू द्यावं. एकच बाजू हसत असेल आणि दुसरी हळूहळू बोलायचीच बंद होत असेल, तर मात्र वेळीच लक्ष द्यावं. इंग्रजीला हसतील म्हणून डॉक्टरकडे तोंड न उघडणाऱ्या आज्या मी पाहिल्या आहेत. मराठीला हसतील म्हणून भारतात गेल्यावर गप्प राहणारी नातवंडंही पाहिली आहेत.

सेंट आइव्ज रोडवरच्या आपल्या ग्रंथालयात ‘स्मॉल आयलंड’ मागून पाहा. घरातल्या दोन पिढ्यांनी वाचावी आणि कोण कुठे हसलं ते फराळाच्या वेळी एकमेकांना सांगावं. ठिकाणं वेगळी निघतील. बोलण्यासारखं तिथेच आहे.

दिवाळीच्या शुभेच्छा.